नववी बाई सापडली

गेल्या पावसाळ्यात आमच्या कुडाळच्या घरात भिंतीला ओल आली आणि नवनारीकुंजराच्या चित्राच्या काचेआड कसर फिरताना दिसली. कागदावरची खळ म्हणजे या चंदेरी किड्याचं खाद्यच. त्याच रात्री भिंतीवरच्या सगळ्या, एकवीस तसबिरी उतरवल्या.

जे चित्र बघून पाय थबकले ते घ्यायचं, एवढ्या एकाच नियमावर हा संग्रह जमला आहे. यमयातनांचं चित्र आहे: उकळत्या तेलाची कढई, करवतीने चिरले जाणारे पापी आणि बाजूला शांतपणे वही उघडून बसलेला चित्रगुप्त. अंगभर देव असलेली रविवर्मा प्रेसची गाय आहे. हा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. शेजारच्या पिंगुळीहून घेतलेली चित्रकथी, म्हणजे गोष्ट सांगताना दाखवायचं चित्र, आहे. त्यातल्या योद्ध्यांचे डोळे बघितले की रात्री दिवा मालवायला धीर होत नाही.

पण जीव आहे तो नवनारीकुंजरात. नऊ बायकांनी एकमेकींत गुंफून घेऊन हत्ती केलाय. एक वाकून सोंड झाली आहे, दुसरीची वेणी शेपटी झाली आहे. मी कितीदा मोजल्या, आठच भरायच्या.

दुरुस्तीची मला धास्ती होती. पूर्वी एका फ्रेमवाल्याने यमयातना सरळ प्लायवूडवर गोंदाने चिकटवून दिली होती. ती आता सुटणार नाही. तिथे मी भांडायला हवं होतं, अजून हळहळते. म्हणून या वेळी आधी कागद-संवर्धनाचं काम करणाऱ्या एका ताईंना फोन केला. त्यांनी पहिलंच सांगितलं, "पाणी लावू नका आणि काही ओढू नका."

गंजलेले खिळे पकडीने एकेक काढले. मागच्या फळीच्या गाठी चित्रांच्या पाठीवर तपकिरी उमटल्या होत्या. लाकडातलं आम्ल वर्षानुवर्षं कागदात झिरपत राहतं, हे तेव्हा डोळ्यांनी दिसलं. गाईचं पोट काचेला चिकटलं होतं. रंगागणिक वेगळा दगड वापरून ही चित्रं छापायचे आणि तैलचित्रासारखी झळाळी यावी म्हणून वरून वार्निश द्यायचे. दमट हवेत तेच काचेला धरलं होतं. ओढलं असतं तर पोटातले देव काचेवर राहिले असते. ती काचेसकट ठेवली आहे. ताई दिवाळीनंतर बघणार आहेत.

बाकीची मऊ ब्रशने कोरडीच झाडली आणि पाऊस ओसरेपर्यंत कोरड्या खोलीत आडवी ठेवली. मग पाठीला आम्लरहित बोर्ड, चित्र काचेला टेकू नये म्हणून कडेने जाड माउंट, आणि फक्त वरच्या कडेला गव्हाच्या खळीने लावलेल्या जपानी कागदाच्या दोन पट्ट्या. तसबिरीच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले, भिंत आणि चित्र यांच्यामधून वारा खेळायला हवा.

नवनारीकुंजर सगळ्यात शेवटी घेतला. जुनी लाकडी पट्टी निघाली तशी तिच्याखाली बोटभर रुंदीचा कागद उघडा पडला, उजेड न लागलेला, रंग अगदी ताजे. तिथे नववी बाई होती. हत्तीचा मागचा पाय. डोक्यावर सगळा भार घेऊन उभी, आणि वर बघत होती.