तुम्ही विचारलंत म्हणून: विमानाच्या रेडिओवर बोलायला लायसन्स लागतं का?

इकडे न्यू जर्सीत पाहुणे आले आणि माझ्या छोट्या सेसना विमानातून चक्कर मारायचं ठरलं की हेडसेट चढवतानाच प्रश्न येतो, आम्ही बोललो तर चालेल का रेडिओवर, लायसन्स लागतं ना? अहो, अमेरिकेतल्या अमेरिकेत मलाच, पायलटलाच, लागत नाही! १९९६ पासून देशातल्या देशात उडणाऱ्या छोट्या खासगी विमानाला रेडिओचं वेगळं लायसन्स नको आणि बोलणाऱ्याला परमिटही नको. बहामाजला, म्हणजे परदेशात, जायचं तर मात्र दोन्ही हवं, पण परीक्षा नाही, एफसीसीचा (अमेरिकेतल्या रेडिओ-फोनचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेचा) फॉर्म भरा, फी भरा, परमिट जन्मभर चालतं. १९४४ च्या शिकागो करारातच, म्हणजे विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय करारातच, आहे की परक्या देशात रेडिओ लायसन्सवाल्या क्रूनेच वापरायचा, म्हणजे तिथे पाहुण्यांनी गप्प बसायचं. बारामतीला पीपीएल (खासगी पायलटचं लायसन्स) करणाऱ्या भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला मामा फेकू नकोस, बिचारा आरटीआरच्या, म्हणजे रेडिओवर बोलण्याच्या, परीक्षेने घायकुतीला आलाय, ती झाल्यावर कुठे डीजीसीएचं (भारतातल्या विमान वाहतूक खात्याचं) एफआरटीओएल, म्हणजे रेडिओचं लायसन्स, मिळणार.

आता मी बोलू देतो का? इंटरकॉमवर हवं ते बोला, ते विमानातच राहतं. बाहेर जातं ते योकवरचं (विमानाच्या स्टिअरिंगवरचं) बटण दाबल्यावर, आणि ते बटण बहुतेक वेळा तुमच्या बाजूच्या योकवरही असतं. हडसन नदीवर कमी उंचीवरून उडताना सूचना देणारा कंट्रोल टॉवर नसतो, सगळे पायलट १२३.०५ या एकाच फ्रिक्वेन्सीवर आपापली जागा सांगत जातात, मी अमुक पुलापाशी, इतक्या फुटांवर, त्यात हेलिकॉप्टरांची गर्दी. तिथे फोटोच्या नादात तुमचा अंगठा बटणावर राहिला की फ्रिक्वेन्सी जाम, कारण एका वेळी एकच जण बोलू शकतो, दोघं बोलले की नुसती किंचाळल्यासारखी शिट्टी, आणि तुमचं 'अगं ते बघ लिबर्टी' मात्र सगळ्यांना ऐकू जातं. जबाबदारी पायलटची, म्हणजे माझी, त्यामुळे तिथे नाही म्हणजे नाही. टॉवर नसलेल्या, शांत विमानतळाजवळ शाळकरी पोरांना मी वाक्य सांगून बोलायला देतो, ती अगदी नीट बोलतात. मोठी माणसं बटण दाबून आधी हॅलो हॅलो करतात.

आणि ज्याबद्दल कुणीच विचारत नाही तो नियम तुमच्या खिशात असतो. चाकं जमिनीवरून सुटली की ८०० मेगाहर्ट्झवर चालणारा सेल फोन वापरायला एफसीसीची बंदी आहे, छोट्या विमानातसुद्धा. तेव्हा फोन एअरप्लेन मोडवर टाका, फोटो खुशाल काढा, मावशीला व्हिडिओ कॉल उतरल्यावर.