तळमजल्याचं काय केलंत?

नव्या इमारतीचं रंगीत चित्र टेबलावर पसरलं की बैठकीतल्या सगळ्यांच्या नजरा आधी वरच्या मजल्यांवर जातात. मजले किती, काच कुठल्या रंगाची, गच्चीवर बाग करायची का, रात्री दिवे कसे दिसतील. इमारतींचे नकाशे काढणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे अशा बैठकांना मी सरावले आहे. माझा प्रश्न मात्र दर वेळी तोच असतो : तळमजल्याचं काय केलंत? वरचे मजले तिथे राहणाऱ्यांचे, काम करणाऱ्यांचे. तळमजला सगळ्या गावाचा. जो माणूस त्या इमारतीत आयुष्यात कधी पाय ठेवणार नाही, त्यालाही रोज तिच्या कडेने चालत जायचं असतं.

शहर वाढायला लागलं की अभिमानाच्या गोष्टीही नव्या येतात. पहिला मॉल, पहिला उड्डाणपूल, पहिला सरकता जिना. ‘आता आपल्याकडेही झालं’ असं लोक एकमेकांना सांगतात, आणि तो आनंद मला खरा वाटतो. ज्या वस्तूसाठी दुसऱ्या शहराची वाट धरावी लागायची ती जवळ मिळते. मुलांना नोकऱ्या मिळतात. वयस्कर माणसांना ऊन-पाऊस न लागता चार पावलं फिरता येतं. बायकांना स्वच्छ स्वच्छतागृह मिळतं, आणि ही सोय किती मोठी आहे हे दिवसभर बाहेर असणारी कुठलीही बाई सांगेल. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. खरेदीची ही नवी जागा रस्त्याकडे तोंड करून उभी राहणार की रस्त्याला पाठ दाखवून, यावर त्या भागाचं पुढच्या कित्येक वर्षांचं नशीब ठरतं. आणि हा निर्णय कुणाच्या ध्यानात यायच्या आत नकाशावर होऊन गेलेला असतो.

डेन्मार्कचे वास्तुरचनाकार यान गेल यांनी अनेक दशकं रस्त्यांवर उभं राहून माणसं कशी चालतात, कुठे थांबतात, कुठे बसतात हे पाहिलं. त्यांच्या निरीक्षणातला एक हिशेब मला फार उपयोगी पडतो. माणूस ताशी साधारण ५ किलोमीटर वेगाने चालतो. दर चार-पाच सेकंदांनी नजरेला काही नवीन मिळालं तर चालण्याचा कंटाळा येत नाही. म्हणजे रस्त्याच्या कडेला पाच ते सात मीटरवर नवं दार हवं, १०० मीटरमध्ये पंधरा-वीस दारं हवीत. आता त्याच १०० मीटरवर कोरी भिंत घातली तर काय होतं? चालणाऱ्याला ती ओलांडायला सव्वा मिनिटाच्या आसपास लागतं, पण तेवढ्यात तो रस्ता लांबलचक आणि ओसाड वाटायला लागतो. दुसऱ्या दिवशी तोच माणूस गाडी काढतो. अंतर वाढलेलं नसतं, तरी ‘तिथे चालत कोण जाणार’ असं तो म्हणतो आणि त्याचं खरंही असतं.

साधा लहान गाळा जवळून पाहिला तर तो रस्त्याला किती देतो ते कळतं. साडेतीन मीटर रुंदी, वर शटरच्या गुंडाळीची पेटी, पुढे छज्जा, खाली एक पायरी. छज्जा मीटरभर पुढे आला तर पावसात चालणाऱ्याला आडोसा मिळतो. पायरी एकच असेल तर गुडघे दुखणारी बाई आत येते, तीन असतील तर ती बाहेरूनच हाक मारते, आणि पायरीऐवजी उतार असेल तर चाकाची खुर्चीही आत जाते. शटर पत्र्याचं सलग असेल तर रात्री तो फुटपाथ काळोखा होतो. जाळीचं असेल आणि आत एक दिवा जळत असेल, तर दुकान बंद झाल्यावरही फुटपाथवर उजेड पडतो. काचेला आतून जाहिरातीचा कागद चिकटवला की आतल्याला बाहेरचं दिसत नाही आणि बाहेरच्याला आतलं. गल्ल्यावर बसलेल्या माणसाची नजर रस्त्यावर असणं ही सुरक्षेची मोठी सोय आहे, हे शहरांवर लिहिणाऱ्या अमेरिकन लेखिका जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये ठासून मांडलं. संध्याकाळी उशिरा घरी परतणाऱ्या मुलीला ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. ती उघड्या दुकानांच्या बाजूनेच चालते.

एका प्रकल्पात मी रस्त्याच्या अंगाला बारा छोटे गाळे काढले होते. पुढच्या बैठकीला गेले तर त्यांच्या जागी एकच प्रशस्त दालन आलेलं, आणि त्याचं दार मागे, पार्किंगमध्ये. बारा भाडेकरू सांभाळण्यापेक्षा एक सांभाळणं सोपं, असं कारण मिळालं. मग रस्त्याकडे काय उरलं? ट्रान्सफॉर्मरची खोली, आगीच्या वेळी बाहेर पडायचा दरवाजा, एसीची बाहेरची यंत्रं आणि त्यांचा गरम वारा. ज्या बाजूने हजारो माणसं जाणार, त्या बाजूला इमारतीने आपली अडगळ मांडली. मी वाद घातला, आकडे मांडले, सकाळ-संध्याकाळ त्या फुटपाथवरून जाणाऱ्यांची मोजदाद करून नेली. शेवटी चार गाळे परत मिळाले. आज त्या चार गाळ्यांपुढे लोक बोलत उभे असतात आणि उरलेल्या भिंतीच्या कडेने झपझप निघून जातात. ते आठ गाळे मला अजून सलतात.

ज्या माणसाला आधुनिक मॉलचा जनक म्हणतात, त्यालाही हेच दुःख होतं. व्हिक्टर ग्रुएन यांचा जन्म १९०३ चा, व्हिएन्नाचा. नाझींच्या काळात, १९३८ मध्ये, त्यांना देश सोडून अमेरिकेला जावं लागलं. तिथल्या उपनगरांत माणसं गाडीतून उतरत नाहीत, भेटत नाहीत, हे त्यांना खुपलं. व्हिएन्नाच्या चौकांसारखं काहीतरी त्यांना त्या उपनगरांत उभारायचं होतं. १९५६ मध्ये मिनिआपोलिसजवळ एडिना इथे त्यांनी आखलेलं साउथडेल सुरू झालं : चारी बाजूंनी बंद, आतलं हवामान बारा महिने एकसारखं, मधोमध बागेसारखा चौक. मूळ आराखड्यात त्याच्या आजूबाजूला घरं, शाळा, दवाखाने, बाग, तळं असं सगळं होतं. बांधलं गेलं ते फक्त खरेदीचं केंद्र, आणि त्याच्या भोवती गाड्या लावायची अफाट मोकळी जागा. पुढे जगभर नक्कल झाली ती त्या अर्धवट भागाची. ग्रुएन शेवटी व्हिएन्नाला परतले. तिथे शहराबाहेरही तसलंच मोठं खरेदी केंद्र उभं राहिलेलं त्यांना पाहावं लागलं. १९७८ मध्ये लंडनच्या एका भाषणात त्यांनी या मॉलचं पितृत्व जाहीरपणे नाकारलं. त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले.

छपराखालचा बाजार वाईट असतो असं यातून कुणी काढू नये. मिलानमधली व्हित्तोरिओ इमान्युएले गॅलरी, म्हणजे छपराखालची बाजारगल्ली, १८६७ मध्ये खुली झाली, तिलाही काचेचं छप्पर आहे, झगमगती दुकानं आहेत. पण तिची एक बाजू कॅथेड्रलच्या चौकात उघडते, दुसरी ला स्काला नाट्यगृहाच्या चौकात. तिला बंद होणारं दार नाही. काहीही विकत न घेणारा माणूस तिच्यातून रोज ये-जा करतो, कारण ती त्याच्या वाटेवरच आहे. जमिनीवरच्या मोझाइकमधल्या बैलावर टाच ठेवून गिरकी घेतली की नशीब उघडतं असं लोक मानतात, आणि इतकी माणसं गिरकी घेतात की तिथे खड्डा पडतो आणि दुरुस्ती करावी लागते. शहराचा अभिमान मला तिथे दिसतो. मालकी कुणाचीही असो, लोक त्या जागेला आपली मानतात.

दुकानदारांचा विरोध हा या सगळ्यातला नाजूक भाग. रस्ता गाड्यांना बंद करून चालणाऱ्यांना दिला की धंदा बसेल, ही भीती खोटी म्हणता येत नाही. ज्याचं घर रोजच्या विक्रीवर चालतं त्याने घाबरायचं नाही तर कुणी? कोपनहेगनमध्ये १९६२ साली स्ट्रॉयेट हा मुख्य बाजाररस्ता गाड्यांना बंद झाला तेव्हा तिथले व्यापारी असेच धास्तावले होते. प्रयोग म्हणून सुरू झालेली ती बंदी १९६४ मध्ये कायमची झाली आणि रस्ता गजबजलेलाच राहिला. ब्राझीलमधल्या कुरितिबाची गोष्ट तर मला कितीही वेळा सांगायला आवडते. १९७२ मध्ये तिथले महापौर जैमी लर्नर, स्वतः वास्तुरचनाकार. व्यापारी कोर्टात जाऊन काम अडवतील हे ओळखून त्यांनी शुक्रवारी संध्याकाळी काम सुरू केलं आणि ७२ तासांत मुख्य रस्त्याच्या एका तुकड्यावर फरसबंदी, झाडं, बाकं, दिवे बसवून मोकळे झाले. गाडीवाल्यांनी तिथून गाड्या घालायची धमकी दिली, तेव्हा पालिकेने रस्त्यावर लांबच लांब कागद अंथरले आणि मुलांना चित्रं काढायला बसवलं. पुढे व्यापाऱ्यांनीच तो पट्टा वाढवून मागितला.

लर्नर यांच्या घाईचं मी सरसकट समर्थन करणार नाही. लोकांना विश्वासात न घेता रातोरात काम उरकणं प्रत्येक वेळी चांगल्याच माणसाच्या हातून होईल, याची खात्री कुणी द्यायची? पण ते काम उलटवता येण्यासारखं होतं, हे महत्त्वाचं. बाकं उचलता येतात. उड्डाणपूल उचलता येत नाही, आणि पाडायचा म्हटलं तरी पिढी जाते.

पाडलेल्याचंही एक उदाहरण आहे. दक्षिण कोरियाच्या सोल शहरात चोंगेचोन नावाचा ओढा गाडून त्यावर रस्ता आणि वर उन्नत मार्ग बांधला होता. २००३ मध्ये तो उन्नत मार्ग पाडायला घेतला आणि २००५ मध्ये जवळपास ६ किलोमीटरचा ओढा पुन्हा खुला झाला. आज शहराच्या मधोमध लोक पाण्याकाठी बसतात, आणि जगभरातले नगररचनाकार तिथे शिकायला जातात. पण त्या रस्त्याकडेला पथारी मांडून बसणारे विक्रेते होते. त्यांना तिथून उठवून एका जुन्या स्टेडियममध्ये जागा दिली. काही वर्षांत स्टेडियमही पाडलं गेलं, तिथे २०१४ मध्ये वास्तुरचनाकार झाहा हदीद यांनी रचलेली भव्य वास्तू उघडली, आणि विक्रेत्यांना पुन्हा दुसरीकडे जावं लागलं. ओढ्याचं कौतुक मी मनापासून करते. तरीही एकाच माणसाने दोनदा दुकान उचलायचं आणि त्याच्या नावाची ओळही कुठल्या पाटीवर नसायची, हे मला पटत नाही. नव्या जागेत पहिलं गिऱ्हाईक मिळेपर्यंत किती महिने जातात, जुनी गिऱ्हाइकं कशी पांगतात, हे पथारीवाल्याला विचारा. सुशोभीकरणाच्या आराखड्यात झाडांच्या जागा पहिल्या दिवसापासून आखलेल्या असतात. हातगाड्यांच्याही तशाच आखता येतात : दीड मीटर बाय दोन मीटरचा चौकोन, शेजारी पाण्याचा नळ, कचऱ्याचा डबा, आणि चालणाऱ्यांसाठी मोकळा सोडलेला पट्टा. मी नकाशावर काढून पाहिलं आहे, बसतं.

पार्किंगबद्दल थोडंच बोलते. प्रत्येक नव्या दुकानामागे इतक्या गाड्यांची जागा हवीच, असा नियम केला की लहान भूखंडावर लहान इमारत उभीच राहू शकत नाही. मोठा भूखंड असलेलाच बांधू शकतो. अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड शूप आयुष्यभर हेच सांगत राहिले, आणि अलीकडे बऱ्याच शहरांनी तो नियम काढायला सुरुवात केली आहे.

मोठं दालन हवं तर असू द्या. पण ते मागे आणि वर पसरू द्या, रस्त्याच्या कडेला लहान गाळ्यांची रांग ठेवा. लहान गाळा म्हणजे लहान भांडवलावर धंदा सुरू करणाऱ्याला संधी, आणि त्यातल्या एकाचा धंदा नाही चालला तरी सगळा रस्ता मरत नाही. हे नुसतं सदिच्छेवर सोडावं लागत नाही. न्यूयॉर्कच्या अप्पर वेस्ट साइड भागात २०१२ मध्ये तसा नियमच झाला. ॲमस्टरडॅम आणि कोलंबस या दोन रस्त्यांवर नव्या दुकानाची दर्शनी रुंदी ४० फुटांपेक्षा जास्त ठेवायची नाही, आणि बँकेची तर २५ फुटांपेक्षा. बँकेला आत हवी तेवढी जागा घेता येते, फक्त फुटपाथची लांबच लांब कडा अडवून बसता येत नाही.

आराखडा जाहीर झाला की आपलं घर, आपला रस्ता त्यात कुठे येतो हे लोक शोधतात. ते स्वाभाविकच आहे. त्याच बैठकीत तळमजल्याचा नकाशाही मागा. तो वेगळ्या कागदावर असतो आणि सहसा कुणी उलगडून दाखवत नाही. त्यावर रस्त्याच्या बाजूची दारं बोटाने मोजा, फुटपाथपासून पायऱ्या किती आहेत ते पाहा, हातगाड्यांची जागा आणि स्वच्छतागृह कुठे दाखवलंय ते विचारा. दारं कमी वाटली तर मुदतीच्या आत हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. पाया खणायच्या आधी भिंतीत दार काढायचं तर पेन्सिलची एक रेघ पुरते. बांधकाम उभं राहिल्यावर त्याच दारासाठी तुळई, पाइप आणि विजेच्या तारा हलवाव्या लागतात, आणि तेव्हा तो खर्च करायला कुणीही तयार होत नाही.