‘दोघी बहिणी’, त्यातली एक बाप निघाली

मार्चच्या शेवटी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, आमची बदली झालीये, दोन गिनीपिग आहेत, दोघी बहिणी, पिंजऱ्यासकट फ्री, कुणाला हव्या असतील तर सांगा नाहीतर रविवारी टेकडीवर सोडून येतो. टेकडीवर! तिथे कुत्री, मुंगूस, घारी, आणि हे प्राणी कित्येक पिढ्या माणसाच्या हातचं खाऊन वाढलेले, एक रात्र निघाली असती तरी खूप. मी "मी घेते" टाइप करून मोकळी झाले आणि मग आईला सांगितलं.

"उंदीर आणलेस घरात?"

"उंदीर नाही गं, गिनीपिग."

"मग शेपूट कुठंय?"

नसतेच दिसायला, काय सांगणार.

कुकी आणि ओरिओ. ओरिओ बारीक, केस राठ, एक पाय आखडून चालायची. आधीच्या घरी ब्रेड, बिस्किट आणि गाजर एवढंच मिळायचं. गिनीपिगला आपल्यासारखंच शरीरात क जीवनसत्त्व बनवता येत नाही, ते रोज खाण्यातूनच जावं लागतं, नाहीतर स्कर्व्ही होतो, सांधे दुखतात. म्हणून रोज ढोबळी मिरची आणि थोडी कोथिंबीर सुरू केली. आणि गवत, गवत तर ढीगभर, कारण दात आयुष्यभर वाढत राहतात. इम्पोर्टेड टिमोथी गवताचे भाव बघून मी आधी लसूणघास आणला, तर डॉक्टर म्हणाले हा मोठ्यांना रोज नको, कॅल्शियम जास्त, मूतखडे होतात. मग मंडईतून दूर्वांच्या जुड्या. फुलवाल्या मावशी चौथ्या दिवशी म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडे रोज संकष्टी असते काय?"

तर डॉक्टर. पुण्यात कुत्र्यामांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, पण हे असले प्राणी नीट बघणारे शोधायलाच दोन दिवस गेले. शोधायचंच पण, कारण अमॉक्सिसिलिन हे नेहमीचं अँटिबायोटिक तोंडावाटे दिलं तर गिनीपिगच्या पोटातले चांगले जंतू मरतात आणि मागोमाग तो स्वतः. डॉक्टरांनी ओरिओला उलटं केलं, बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "ही मुलगी नाहीये." मग कुकीच्या पोटाला हात लावला. "आणि हिच्या पोटात तीन तरी आहेत."

दुकानात ‘दोन्ही फिमेल’ सांगून विकलेली जोडी होती ही. असं इतक्या वेळा होतं की आता मी कुणी दोघी बहिणी म्हटलं की आधी उलट्याच करून बघते. ओरिओला त्याच संध्याकाळी वेगळा केला, कारण मादी व्यायल्यावर काही तासांतच परत गाभण राहू शकते. बिचारा जाळीला नाक लावून रात्रभर कुरकुरत होता.

एप्रिलमध्ये चार झाली. उंदराची पिल्लं कशी गुलाबी, डोळे मिटलेली असतात, तसं काही नाही, ही एकदम रेडीमेड, अंगावर केस, डोळे उघडे, तोंडात दात, तासाभरात पळायला लागली. आई तोवर "मला दाखवू नको" म्हणत होती, ती खाली बसून मोजत होती. बाहेर एकोणचाळीस डिग्री आणि यांना तिशीच्या आसपासच त्रास सुरू होतो, त्यामुळे आमचा कूलर हॉलमधून त्यांच्या खोलीत गेला आणि बाबा गच्चीत झोपायला. तीन आठवडे झाल्यावर दोन मुलगे उचलून बापाच्या पिंजऱ्यात. हो, तीन आठवड्यांचा नर बाप होऊ शकतो, स्वतःच्या आईपासूनसुद्धा.

मग घरं शोधणं. फोन येतात हो, खूप येतात. "एकच द्या ना, मुलाचा बर्थडे आहे." नाही, एकटा गिनीपिग झुरतो, जोडीच न्यावी लागेल, स्वित्झर्लंडमध्ये तर एकटा ठेवायला कायद्यानेच बंदी आहे. (हॅम्स्टरचं बरोब्बर उलटं, सिरियन हॅम्स्टर दोन एकत्र ठेवलेत तर एकमेकांना फाडतात, मागच्या वर्षी माझ्याकडे आलेल्याचा कान तसाच गेला होता.) एक जण म्हणाला, "मादी आहे का? बाकी काही चालेल." पिल्लं काढायचा विचार दिसला, फोन ठेवला. एकाने किती आहेत विचारलं आणि म्हणाला सगळे घेतो, फुकट ना? खातात काय, आजारी पडले तर काय, एक प्रश्न नाही. कदाचित भला माणूस असेल, पण मी नाही दिले. म्हणून आता मी थोडे पैसे घेते, जास्त नाही, डॉक्टरांच्या बिलातला एक तुकडा. आणि घरी जाऊन पिंजरा बघते. लोकांना राग येतो, येऊ दे.

दोघी मुली कोथरूडला एका नवरा-बायकोकडे गेल्या. तिसऱ्या दिवशी रात्री अकराला फोन, "ताई, लवकर सांगा, मोठीला झटके येतायत, जागच्या जागी उडतेय!" व्हिडिओ मागवला. उडत होती, चारी पाय हवेत, मध्येच मान झटकून परत. अहो, खूश झालीय ती, लाहीसारखी उडतात खूश झाली की.

दोघे मुलगे पुढच्या शनिवारी पिंपरीला जातायत. राहिले आईबाप. ओरिओचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलंय, पण लगेच एकत्र ठेवता येत नाही, डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितलेत. आईने कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी त्याच्याही फुल्या मारायला सुरुवात केलीये, आज एकतिसावी.