विश्वामित्री नक्की कुठून निघते? पोरांना घेऊन पावागड

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला आणि मगरी पार वस्तीत शिरल्या, ते बडोदेकर कोणी विसरलं नसेल. तेव्हापासून माझ्या लेकीचा एकच प्रश्न, आई एवढं पाणी येतं कुठून? मी सांगून टाकलं की पावागडावरून. तर म्हणे पावागडावर कुठून, तिथे भोक आहे का, मोठ्ठा नळ आहे का? पुढे कितीतरी दिवस हेच चाललं होतं. शेवटी या पावसाळ्यात म्हटलं चला, जाऊनच बघू.

तसं पावागडला आमचं जाणं होतंच, बडोद्याहून हालोलमार्गे पन्नासेक किलोमीटर तर आहे. पण ते जाणं म्हणजे माचीपर्यंत गाडीने, मग रोपवे, महाकालीचं दर्शन, खाली आल्यावर भाजलेला मकाईचा डोडा आणि संध्याकाळच्या आत घरी. डोंगरावर जाऊनही पोरांचा पाय मातीला लागलेला नसायचा. यावेळी सासूबाई आणि हे रोपवेने दर्शनाला गेले आणि मी लेक, पाच वर्षांचा धाकटा आणि नणंदेचा अकरा वर्षांचा मुलगा असे आम्ही चौघं पायथ्यापासून जुन्या दगडी वाटेने माचीकडे निघालो.

पहिला अर्धा तास माझ्यामुळे वाया गेला हे कबूल करते. मी सारखी चला चला करत होते कारण वर आई वाट बघत असतील हे डोक्यात, आणि धाकटा दर चार पावलांना खाली बसायचा. एकदा ओरडणारच होते तर दिसलं की तो एका किड्याला हळूच बोट लावतोय आणि किडा गोल वेटोळं करून बसतोय, पैसा किडा, आम्ही लहानपणी त्याच्याशी असंच खेळायचो. मग मीही बसले. सासूबाईंना फोन करून सांगितलं की आम्हाला वेळ लागेल, त्या म्हणाल्या सावकाश या गं, मी इथे जप करत बसते. तिथून पुढे मग चालण्याची मजा यायला लागली.

पळसाला पाने तीन ही म्हण आमच्या घरात रोज कोणीतरी म्हणतंच, पण पोरांनी पळस असा जवळून बघितलाच नव्हता. दाखवल्यावर लेक प्रत्येक देठाची पानं मोजत सुटली, तीन, तीन, परत तीन, एखाद्या ठिकाणी तरी चार सापडतील या आशेने. इकडे गुजरातीत त्याला खाखरो म्हणतात हे कळल्यावर धाकटा खायचा खाखरा शोधायला लागला 😄 पुढे साग लागला. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लालभडक होतात, हे मला माझ्या आजोबांनी शिकवलेलं, मी पोरांना शिकवलं. तिघांचे हात मेंदी लावल्यासारखे झाले आणि धाकट्याने तेच हात माझ्या ओढणीला पुसले.

भाच्याला झाडांपेक्षा दगडांत जास्त रस. त्याने विचारलं, मामी हा दगड काळा आणि वरचे कडे फिकट का? हे मला माहीत होतं म्हणून फार आनंद झाला. खालचा काळा तो बेसॉल्ट, आपल्या सह्याद्रीचाच दगड, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जो लाव्हा पसरला त्यातलाच. वर माथ्याकडे आहे रायोलाईट, त्यात सिलिका जास्त म्हणून तो लाव्हा घट्ट. त्याला स्वयंपाकघरातलं उदाहरण दिलं, आमटी ताटात ओतली की पसरते आणि पिठलं वाढलं की जागच्या जागी बसतं, बेसॉल्ट आमटी आणि रायोलाईट पिठलं. त्यामुळे वर असे उभे कडे. माझ्या माहेरचं मूळ गाव साताऱ्याकडचं, तिथला डोंगर आणि हा डोंगर एकाच लाव्हाचे हे सांगताना मला स्वतःलाच भरून आलं, पिढ्यान्पिढ्या बडोद्यात राहून सुद्धा.

एका ठिकाणी शेवाळावरून लेकीचा पाय घसरला आणि गुडघा सोलवटला. चूक माझी, तिला गुळगुळीत तळव्याच्या सँडल घालू दिल्या. पावसाळ्यात मुलांना नेणार असाल तर बूट खाचांच्या तळव्याचेच घाला आणि खाऊ पिशवीच्या आत ठेवा, वानरं हातातून ओढतात. आमची ढेबरी (बाजरी-मेथीचे थेपल्यासारखे) थोडक्यात वाचली. शक्यतो रविवार, पौर्णिमा आणि नवरात्र टाळा, गर्दीत मुलांना थांबताच येत नाही.

आणि उगम? माचीच्या अलीकडे वाटेच्या कडेला खडकावरून पाण्याची बारीक धार येत होती, करंगळीएवढी. लेक म्हणाली, हीच का विश्वामित्री? म्हटलं ही एकटी नाही गं, अशा खूप. डोंगराला चारी बाजूंनी उतार, प्रत्येक बाजूचं पाणी आपापल्या वाटेने जातं, पावसाचं थोडं जमिनीत मुरतं ते हळूहळू झिरपत राहतं, आणि असे कितीतरी ओघळ खाली एकत्र आले की त्याची नदी होते, ती बडोद्यातून जाते, पुढे ढाढरला मिळते आणि खंभातच्या आखाताकडे जाते. तिचा चेहरा पडला, तिला एक भोक हवं होतं. मग बराच वेळ धारेखाली हात धरून उभी राहिली. भाचा वर चढून बघून आला, म्हणाला वरती अजून तीन धारा आहेत आणि त्यांच्या वर पण आहेत. मग तिघं मिळून धारा मोजायला लागले, सतरापर्यंत गेले आणि भांडण झालं की एक दोनदा मोजली.

निघताना लेकीने पळसाचं एक पान, तिन्ही दलांचं, पाण्यात सोडलं. ते दोन दगडांत अडकलं तर धाकट्याने काडीने मोकळं केलं आणि ते खाली दिसेनासं झालं.

माथ्यावर काही आम्ही पोचलो नाही. आईंनी वरून आणलेला प्रसाद माचीवरच खाल्ला, विश्वामित्र ऋषींनी इथे तप केलं ती गोष्ट त्यांनी पोरांना परत सांगितली, आणि यावेळी धाकट्याने विचारलं की ते पाणी कुठल्या धारेचं प्यायचे.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना लेकीने काळाघोडा पुलावर स्कूटर थांबवायला लावली. खाली गढूळ पाणी, काठावर एक मगर अर्धी चिखलात. लेकीचं मगरीकडे लक्षच नव्हतं, कठड्याला टेकून ती पान शोधत होती.