टेस्ट ट्यूबमधला गुलाबी रंग आणि आबाजींचा दम

जानेवारीच्या शेवटी, ३० तारखेच्या आसपास, कुष्ठरोगाचे कार्यक्रम सगळीकडे सुरू होतात. तेव्हा आमच्या भागातल्या कुष्ठरुग्णांच्या एका जुन्या वसाहतीत रक्त तपासणीचा कॅम्प होता आणि मी लॅब टेक्निशियन म्हणून गेले होते. शुगरसाठी ग्लुकोमीटर काढला तर समोर बसलेल्या आबाजींनी दोन्ही हात पुढे केले. बोटांची टोकं झिजून गेलेली, जी उरलीत ती तळव्याकडे वळलेली. टोचायचं कुठे? म्हटलं आबाजी, शिरेतूनच घेते. "घे ना पोरी, कुठूनबी घे," म्हणाले. रक्त घेता घेता सहज विचारलं, बाकी तब्येत कशी आहे. "चांगली हाय. संडासपर्यंत गेलो का दम लागते, बस. वय झालं आता."

बीपी घेतला, १७८/१०२. थोडं थांबून परत घेतला, तोच. मग दुसऱ्या हातावर घेतला, तिथेही तेच. याआधी कोणी मोजला होता का विचारलं तर म्हणाले हातपाय पाहतात, डोळे पाहतात, चप्पल देतात, हे पट्टीचं कोणी केलं नाही. आणि मग प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी त्यांचं एमडीटीचं, म्हणजे कुष्ठरोगावरच्या एकत्र औषधांच्या उपचाराचं, कार्ड काढलं, ऐंशीच्या दशकातलं, घडीवर फाटलेलं, तरी जपून ठेवलेलं. २४ महिन्यांचे डोस, प्रत्येक महिन्यापुढे टिक, शेवटी "आरएफटी", म्हणजे उपचारातून मुक्त. चट्टे किती, नसा कोणत्या जाड, हाताची विकृती, पायाची विकृती, डोळे, सगळ्याला रकाना होता. हृदयाला नव्हता. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसाच्या हृदयाकडे कोणी बघतच नाही, तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून आज लिहायला बसले.

यात माझं थोडं जुनं देणंही आहे. एमएस्सी बायोकेमिस्ट्रीला माझं प्रोजेक्ट याच विषयावर होतं, कुष्ठरुग्णांच्या रक्तातला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे ऑक्सिजनच्या जहाल द्रव्यांनी पेशींवर येणारा ताण. नाव जड आहे, काम साधं होतं. सीरम घ्यायचं, त्यात टीसीए आणि थायोबार्बिट्युरिक ॲसिड ही दोन रसायनं टाकायची, उकळत्या वॉटर बाथमध्ये ठेवायचं, गार करून सेंट्रिफ्यूज करायचं आणि ट्यूब उजेडाला धरायची. रक्तातलं फॅट जितकं जास्त खराब झालेलं तितका गुलाबी रंग गडद, मग तो ५३२ नॅनोमीटरवर मोजायचा. हीच टेस्ट खाद्यतेल खवट झालंय का ते बघायलाही वापरतात. दिवाळीनंतर डब्याच्या तळाशी राहिलेल्या चकलीला जो वास येतो ना, तीच रिॲक्शन, फक्त इथे ती माणसाच्या पेशींच्या आवरणात चाललेली असते. कंट्रोलच्या, म्हणजे निरोगी माणसांच्या, ट्यूब फिकट गुलाबी आणि ज्यांच्या स्मिअरमध्ये, म्हणजे कातडीला चीर देऊन काचेवर घेतलेल्या नमुन्यात, जंतू भरपूर होते त्यांच्या ट्यूब डोळ्यांनीच ओळखू याव्यात इतक्या गडद. तेव्हा मी ते फक्त ग्राफसाठी बघितलं, मार्क मिळाले, विषय संपला. त्या गडद ट्यूबवाल्या माणसाचं पुढे वीस वर्षांनी काय होणार, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही.

आता हे का होतं, तर शरीर जंतूशी लढताना आगच लावतं. पांढऱ्या पेशी सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असली जहाल द्रव्यं सोडतात आणि जंतू जाळायला बघतात. न्यूमोनियासारख्या आजारात ही आग थोड्या दिवसांत विझते. कुष्ठरोगाचा जंतू मात्र भयंकर संथ, एकाचे दोन व्हायला त्याला १२ ते १४ दिवस लागतात, आणि लागण झाल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत पाच वर्षं सहज जातात, कधी वीसही जातात. म्हणजे आग वर्षानुवर्षं धुमसत राहते. ती आवरायला शरीराकडे स्वतःची सामग्री असते, सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, कॅटालेज, ग्लुटाथायोन, जीवनसत्त्व ई आणि सी. आपल्याच देशातल्या बऱ्याच अभ्यासांत दिसलंय की मल्टिबॅसिलरी, म्हणजे अंगात जंतू भरपूर असलेल्या, रुग्णांमध्ये ही सामग्री कमी पडते आणि खराब फॅटची खूण, मॅलॉनडायअल्डिहाइड, वाढते. औषधं चालू झाली की हे हळूहळू सुधारतं, ही चांगली गोष्ट.

पण हळूहळूच. एमडीटीतल्या रिफाम्पिसिनच्या पहिल्याच डोसने जवळजवळ सगळे जंतू मरतात, म्हणून तर उपचार सुरू झालेल्या माणसापासून लागण होत नाही, पण मेलेले जंतू लगेच शरीराबाहेर जात नाहीत. कानाच्या पाळीचा स्मिअर घेतला तर निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्यांचे तुकडे, चुरा, उपचार संपल्यावरही वर्षानुवर्षं दिसतो. त्या चुऱ्यावर शरीर चिडतं आणि रिॲक्शन येतात, नसा सुजतात, अंगावर दुखऱ्या गाठी येतात, ताप येतो. कार्डावर आरएफटी लिहिलं म्हणून ही सूज थांबत नाही हो.

आणि एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. लेप्रोमॅटस, म्हणजे जंतू सगळ्यात जास्त असलेल्या प्रकारच्या, रुग्णाच्या त्वचेचा तुकडा मायक्रोस्कोपखाली बघितला की मोठमोठ्या पेशी दिसतात, आतून फेसाळ, चरबीच्या थेंबांनी भरलेल्या. त्यांना व्हर्चो पेशी म्हणतात. हा जंतू पेशीत शिरून तिला कोलेस्टेरॉल गोळा करायला लावतो, त्या चरबीतच स्वतः लपून राहतो. आता हृदयाच्या रोहिणीत जो थर साचतो, ज्यामुळे ब्लॉकेज होतं, त्याची सुरुवात कशाने होते? फेसाळ पेशींनीच! तिथे पांढऱ्या पेशी खराब झालेलं, ऑक्सिडाइज झालेलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, खाऊन फुगतात. दोन्ही पेशी एकच असं मी म्हणत नाही, एक कातडीत, दुसरी रक्तवाहिनीच्या भिंतीत, कारणंही वेगळी. पण ज्या शरीरात सूज वर्षानुवर्षं चालू आहे, ॲन्टिऑक्सिडंट, म्हणजे ती आग आवरणारी सामग्री, कमी आहेत, फॅट खवट होतंय, तिथे एलडीएलसुद्धा त्याच रक्तातून फिरतं, एवढं तरी मनात धरायला हवं. खुणा वाढल्या म्हणजे अटॅक ठरलेला असंही नाही. बाकीच्या गोष्टी त्यात मिळाल्या की धोका वाढतो आणि आपल्या रुग्णांत त्या बाकीच्या गोष्टी ढीगभर मिळतात.

पहिली म्हणजे स्टिरॉइड. रिॲक्शन आली की नस वाचवायला प्रेडनिसोलोन द्यावंच लागतं, साधारण ४० मिलिग्रॅमपासून सुरू करून दर दोन आठवड्यांनी कमी करत नेतात, आणि ते वेळेवर दिलं म्हणून हजारो हात वाकडे व्हायचे वाचलेत. पण त्याने शुगर वाढते, बीपी वाढतो, वजन वाढतं. गाठींची रिॲक्शन पुन्हा पुन्हा येणाऱ्यांना ते महिनोन्महिने घ्यावं लागतं, आणि काही जण तर जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून परस्पर आणून घेत राहतात. बंद केलं की दुखतं ना, मग काय करणार. अशा माणसाचा बीपी कोण बघतं?

दुसरी म्हणजे एमडीटीतलंच डॅप्सोन. औषध उत्तम आहे, पण ते स्वतःच ऑक्सिडायझिंग आहे, लाल पेशींवर ताण आणतं. ज्यांच्यात जी सिक्स पीडी एन्झाइम कमी असतं, आणि आपल्याकडच्या काही आदिवासी समाजांत ते बऱ्याच जणांत असतं, त्यांच्या लाल पेशी फुटून रक्त झपाट्याने उतरतं. कधी ओठ निळसर होतात, ऑक्सिमीटर ८५ च्या आसपास अडकून बसतो. रक्त कमी झालं की हृदयाला जास्त धावावं लागतं, हे वेगळं सांगायला नको. म्हणून गोळ्या बंद करू नका, अजिबात नाही! हिमोग्लोबिन बघत राहा आणि धाप लागली, लघवी काळसर झाली तर लगेच डॉक्टरांकडे जा.

तिसरी गोष्ट नसांची. हातापायाच्या नसा जातात हे सगळ्यांना दिसतं, पण हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या नसांवरही या रोगाचा परिणाम होतो, दीर्घ श्वास घेतल्यावर ठोक्यांत जो फरक पडायला हवा तो कमी पडतो, हे तपासून बघितलेलं आहे. डायबेटिसवाल्यांना अशा नसांच्या बिघाडात छातीत न दुखता अटॅक येतो हे आता घरोघरी माहीत झालंय. मग आबाजींसारखा माणूस "दुखत कायी नाही, दम लागते" म्हणतो तेव्हा ते वयावर ढकलून कसं चालेल?

आबाजींना ईसीजीसाठी तालुक्याला घेऊन गेलो. कोणता दवाखाना ते लिहीत नाही. तिथल्या मुलाने हात बघितले आणि लीड लावायला पुढेच येईना, जेल माझ्या हातात देऊन बाजूला उभा राहिला. हा माणूस तीस वर्षांहून जास्त काळ बरा आहे, हे मी त्याला दोनदा सांगितलं. शेवटी मीच लावले. आबाजी छताकडे बघत पडून होते, एक शब्द बोलले नाहीत, मला मात्र बाहेर आल्यावर रडू आवरेना. डावा कप्पा जाड झालाय, बीपी खूप वर्षांपासून असणार, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर चांगले होते, नीट तपासलं, गोळी सुरू केली, मीठ कमी सांगितलं, तंबाखू बंद सांगितला आणि म्हणाले रोज ४५ मिनिटं चाला.

आबाजी चालले. डॉक्टरसाहेबांनी सांगितलं म्हणून पहाटे उठून रोज, न चुकता. आठव्या दिवशी शेजारच्या आजींना अंगणात रक्ताचे ठसे दिसले. तळपाय बधिर, फोड आला, फुटला, आबाजींना पत्ताच नाही. एमसीआरची, म्हणजे खास रबराची, मऊ चप्पल होती, पण तिचा सोल झिजून सपाट झालेला. डॉक्टरांना पायाचं सुचलं नाही आणि मी बाजूला उभी असून मलाही सुचलं नाही, याची रुखरुख अजून आहे. जखम भरायला दोन महिने लागले, म्हणजे दोन महिने पुन्हा बसून. हृदयासाठी चालावं तर पाय जातो, पायासाठी बसावं तर हृदय जातं, आणि या दोन्हींचा विचार एका ठिकाणी कुठे होतच नाही.

लोक मला विचारतात मग व्हिटॅमिन ई च्या गोळ्या द्यायच्या का. एमडीटीबरोबर ई दिल्यावर रक्तातल्या खुणा सुधारल्याचं आपल्याकडच्या अभ्यासात आलंय, खरं आहे. पण हृदयाचं म्हणाल तर २००० साली छापलेल्या होप ट्रायल या मोठ्या अभ्यासात साडेनऊ हजार लोकांत व्हिटॅमिन ई ने अटॅक कमी झाले नाहीत. तेव्हा त्या कॅप्सूलवर पैसे घालवण्यापेक्षा, माझं स्पष्ट मत आहे, वसाहतीत महिन्यातून एकदा बीपीचं मशीन न्या. बसून घ्या, उभं करून घ्या. शुगर, लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनिन वर्षातून एकदा तरी करा, कारण या रोगात किडनीलाही मार बसतो. जेवणात डाळ, हिरवी भाजी, आवळा, शेंगदाणे, जे परवडतं ते. आणि ज्याचं स्टिरॉइड चालू आहे त्याचं तर दर भेटीला सगळं बघाच.

आबाजींना फिजिओथेरपीच्या ताईंनी आता खुर्चीवर बसून करायचे व्यायाम दिलेत. मूठ वळत नाही म्हणून मनगटाला वाळूच्या छोट्या पिशव्या बांधतात आणि हात वर, बाजूला, वर, बाजूला, असं रेडिओवरची गाणी चालू असेपर्यंत. चप्पल नवीन मिळाली. मागच्या गुरुवारी गेले तेव्हा १४२/८६ होता. आबाजींनी पिशवीतून ते जुनं कार्ड काढलं आणि माझ्यापुढे धरलं, "यावर लिही ना पोरी." मागची बाजू कोरी होती. पट्टी नव्हती, म्हणून ग्लोव्हजच्या खोक्याची कड धरून दोन उभ्या रेघा मारल्या, वर तारीख आणि बीपी लिहिलं, खाली पहिला आकडा टाकला.