माझा अनुभव : ‘प्रश्न उद्भवत नाही’

आधी एक सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. सरकारी टपालाचं पाकीट फेकू नका. आपण आतला कागद काढतो आणि पाकीट चुलीत घालतो. आमच्या गावात वनहक्काच्या दाव्यांची अशी सोळा पाकिटं जळाली आणि ती किती महागात पडणार होती ते पुढे येईलच.

मी नंदुरबार जिल्ह्यातला, सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा. महाराष्ट्राच्या नकाशावर उत्तरेला नर्मदेपाशी रेघ संपते, त्याच्या अलीकडचे आम्ही. जिल्ह्यातल्या विधानसभेच्या चारही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव, त्यामुळे आमदार आमच्यातलाच असतो. गावच्या वनहक्क समितीचा मी सचिव. बारावी झालेला आणि कागदावर सही करायला न घाबरणारा मी एकटाच सापडलो, म्हणून सचिव.

वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो जंगलजमीन कसतो, त्याला तिचा हक्क मिळावा, जास्तीत जास्त चार हेक्टर. या जमिनीला आम्ही नेवाड म्हणतो. ग्रामसभेने ४७ दावे तपासून, ठराव करून वर पाठवले. मोजणी, नकाशे, म्हाताऱ्यांचे जबाब सगळं वेळेत झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

त्यानंतर चार वर्षं शांतता. कार्यालयाचं नाव घेत नाही. तिथली माणसं बदलत गेली, टेबल मात्र तेच राहिलं. दर दोन महिन्यांनी एसटीने जायचं आणि त्या टेबलावरच्या कारकुनाला, भाऊसाहेबांना, विचारायचं. “वर गेलंय.” पुढच्या वेळी, “वरून आलं नाही.” वर म्हणजे नक्की कुठे, असं एकदा विचारलं तर भाऊसाहेबांनी छताच्या पंख्याकडे बघितलं. मीही बघितलं. पंखा बंद होता.

मग आमदारांकडे गेलो. लोक काय करतात, आमदार होळीला आले की गर्दीत घुसून हातात निवेदन कोंबतात. ते निवेदन खिशात जातं आणि सदऱ्याबरोबर धुतलं जातं. मीही एकदा तसंच केलंय. निवेदन पीएला द्यायचं, दोन प्रती न्यायच्या आणि एकीवर पोच घ्यायची. आमचे पीए भाऊ भले माणूस. माझं सहा पानी निवेदन त्यांनी बोटांनी मोजलं आणि म्हणाले, “साहेब एवढं वाचतील, पण सभागृह वाचणार नाही. एका पानात बसव.” मी बसवलं. त्यांनी त्याचा तारांकित प्रश्न केला, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, आणि साहेबांनी सही केली. हिवाळी अधिवेशन नागपूरला होतं.

तारांकित प्रश्न म्हटल्यावर मला वाटलं, साहेब उभे राहणार, मंत्री अडखळणार आणि आम्ही टीव्हीवर बघणार. प्रश्नोत्तराचा तास एकच, त्यात मोजकेच प्रश्न पुकारले जातात. आमचा यादीत खाली होता. त्याला छापील उत्तर मिळालं आणि ते भाऊंनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. मी ते शहाद्याच्या स्टँडवर उभ्या उभ्या वाचलं.

प्रश्नाची भाषा ठरलेली असते. “(१) अमुक गावातील ४७ वनहक्क दावे प्रलंबित आहेत, हे खरे आहे काय, (२) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?”

उत्तर : “(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.”

चार वर्षांच्या एसटीच्या तिकिटांवर पाणी. कुणीतरी म्हणतंय की हा प्रश्नच नाही. मी भाऊंना फोन लावून जे बोललो ते इथे लिहीत नाही. ते ऐकून घेऊन म्हणाले, “उत्तर मंत्री वाचतात रे, लिहितं कोण?”

हे मला तोवर माहीतच नव्हतं. प्रश्न विधानमंडळ सचिवालयातून मंत्रालयातल्या विभागाकडे जातो, विभागाकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून खाली, आणि फिरत फिरत येतो कुठे, तर ज्या टेबलाबद्दल आपण विचारलंय त्याच टेबलावर. माहिती तिथून वर जाते आणि तिचंच उत्तर होतं. मी त्याच टेबलाशी गेलो. भाऊसाहेब उलट माझ्यावरच चिडले होते. “आमदारांकडून प्रश्न टाकलास होय? रात्री अकरापर्यंत बसून उत्तर दिलंय आम्ही.” मी म्हटलं, खोटं दिलंय. त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यासमोर सरकवलं. आमच्या ४७ नावांपुढे लाल शाईत एकच शब्द, वरपासून खालपर्यंत त्याच हाताने लिहिलेला : अमान्य. तारीख अडीच वर्षांपूर्वीची.

दावे प्रलंबित नव्हतेच. ते कधीच फेटाळले होते, आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच. आणि प्रश्नात मी ‘प्रलंबित’ लिहिलं होतं. उत्तर अक्षरशः खरं होतं. एका शब्दापायी अख्खं अधिवेशन गेलं. तो शब्द माझा होता हे मला आजही सलतं.

नियम असा की, दावा फेटाळला तर कारणांसह दावेदाराला व्यक्तिशः कळवायचं, म्हणजे त्याला ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. फार तर आणखी ३० दिवस वाढवून मिळतात. अमुकच कागद पुरावा म्हणून आणा, असा हट्टही धरता येत नाही. गावातल्या म्हाताऱ्याचा जबाब चालतो, जुने बांध चालतात. आमच्याकडे तर वनखात्याने अतिक्रमण म्हणून केलेल्या दंडाच्या पावत्या होत्या. माझ्या बाने त्याची पावती वीस-पंचवीस वर्षं पत्र्याच्या पेटीत जपली होती, पुन्हा दंड नको म्हणून. तीच आता कसत असल्याचा पुरावा.

पुढच्या अधिवेशनाला, मुंबईच्या, प्रश्न मी स्वतः लिहिला आणि भाऊंसमोर शब्द न् शब्द वाचला. “दावे अमान्य केल्याचे संबंधितांना कारणांसह लेखी कळविण्यात आलेले नाही, हे खरे आहे काय?” मधल्या काळात साहेब मला आणि गावच्या कारभाऱ्यांना मंत्र्यांच्या दालनात घेऊन गेले. चार मिनिटं मिळाली, त्यातली दोन साहेबांनी आम्ही कुठून आलो हे सांगण्यात घालवली, पण पावती बघून मंत्र्यांनी निवेदनावर शेरा मारला. शेऱ्याबद्दल सांगतो. ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ असेल तर घरी जा. ‘तपासून सादर करावे’ असेल तर फाईल मंत्र्यांकडे परत यावी लागते, आणि तिचा पाठपुरावा करायला जागा राहते. आमचा दुसरा होता.

आणि हो, या वेळी प्रश्न गेल्या गेल्या मी सगळे कागद त्या टेबलावर आपणहून नेऊन दिले. उत्तर लिहिणाऱ्यासमोर कागद असला की ‘खरे नाही’ लिहिताना त्याचा हात जरा थांबतो. भाऊसाहेबांनी चहा पाजला.

उत्तर आलं : “हे अंशतः खरे आहे.” पुढे, लेखी कळविण्याची कार्यवाही सुरू आहे. मी गावात वाचून दाखवलं तेव्हा काकांनी विचारलं, “अंशतः म्हणजे किती गुंठे?”

महिन्याभरात ४७ पाकिटं आली. कारण सगळ्यांत एकच, ‘पुरावा अपुरा’. पण पत्रावरची तारीख अडीच वर्षांपूर्वीची! म्हणजे पत्र हातात पडण्याआधीच ६० दिवस संपलेले. हे माझ्या लक्षात येईपर्यंत पाकिटं चुलीत निघाली होती. ती गोळा करत मी पाडाभर पळालो. ३१ वाचली. त्यांच्यावर टपालाचा शिक्का होता, चालू महिन्याचा, स्वच्छ वाचता येणारा, म्हणजे पत्र आत्ताच निघाल्याचा पुरावा.

उरलेल्या सोळांचं काय, ते भाऊंनी सोडवलं. सभागृहातलं छापील उत्तरच अपिलाला जोडायचं. कळविण्याची कार्यवाही ‘सुरू आहे’ असं मंत्री यंदा सांगतायत, तर पत्र अडीच वर्षांपूर्वी पाठवलं कसं? त्या ‘अंशतः’वर मी इतका हसलो होतो, आणि सोळा घरांचं अपील त्याच्यावरच तरलं. उत्तरांच्या याद्या विधानमंडळाच्या संकेतस्थळावर असतात. मोबाइलवरचा फोटो न जोडता पूर्ण पान छापून जोडा.

४७ अपिलं दाखल झाली, प्रत्येकाला वेगळा आवक क्रमांक घेतला. (एकत्र गठ्ठा दिला तर एकच क्रमांक पडतो आणि पुढे सगळे एकाच झटक्यात फेटाळले जातात. हे आधी सांगायला हवं होतं.) सुनावणीत २२ पात्र ठरले, बाकीच्यांची फेरमोजणी लागली. आमचा दावा त्या बाकीच्यांत.

मोजणीला गेल्या आठवड्यात माणसं आली. यंत्रवाल्याला झाडीत उपग्रह सापडेना. तो हात वर करून एका जागी उभा, आणि बा तोवर बांधाबांधाने चालत शेताला पूर्ण फेरी घालून परतही आला होता.