वोबाँचा ग्रंथ खंदकात उतरून वाचताना

पूर्व फ्रान्समधल्या कोल्मारहून नफ-ब्रिझाक या तटबंदीच्या गावाची बस ऱ्हाइन नदीकडे सपाट शेतांतून जाते. गाव आलं तरी किल्ला दिसत नाही. सह्याद्रीतल्या गडांना सरावलेली आपली नजर उंची शोधते, आणि इथे तटाचा दगड खंदकाच्या आत दडवलेला आहे. शत्रूच्या तोफेला लांबून नेम धरता येऊ नये म्हणून समोर मातीचा लांब उतार ठेवला आहे. गावात मधलं मोठं मैदान आणि भोवती 48 चौकोनी घरवस्त्या, एवढंच. खरी वाट दरवाज्याबाहेर, खंदकातून आहे. सकाळी जावं, तिरप्या उन्हात कोपरे उठून दिसतात. पाऊस झाला असेल तर चिखलाचे बूट हवेत.

हे अष्टकोनी ठाणं फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा किल्ले-अभियंता सेबास्तियाँ ल प्रेत्र द वोबाँ याचं. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातल्या गरीब सरदार घराण्यात 1633 साली जन्म, सतराव्या वर्षी राजाविरुद्धच्या बंडात शिपाईगिरी, 1653 मध्ये पकडला गेल्यावर राजाच्याच चाकरीत. 1697 च्या तहात नदीपलीकडचं ब्रिझाक फ्रान्सला सोडावं लागलं, म्हणून अलीकडे हे नवं ठाणं. आठ कोपऱ्यांवर आठ बुरूज-मनोरे आहेत आणि त्यांच्यापुढे सुटे, मोठे बुरूज. आपल्याकडे बुरूज पडला की तटाला खिंडार पडतं. इथे पुढचा बुरूज गेला तरी मागचा तट अखंड राहतो. बेल्फोर दरवाज्यातल्या संग्रहालयात गावाची उठावदार प्रतिकृती आहे, पण ते वर्षभर उघडं नसतं. वेळ पाहूनच जा.

खंदकात उभं राहून त्याचा वेढ्यांवरचा ग्रंथ आठवावा. तो त्याने 1704 मध्ये राजाच्या नातवासाठी लिहिला. मजबूत ठाणं घ्यायला त्यात 48 दिवसांचं वेळापत्रक आहे. आधी ठाण्यापासून सुमारे 600 मीटरवर तटाला समांतर चर खणायचा. त्यात माणसं आणि तोफा जमवायच्या. तिथून नागमोडी चर काढत पुढे निम्म्या अंतरावर दुसरा समांतर, आणि उताराच्या पायथ्याशी तिसरा. नागमोडी चराची दिशा चुकली, म्हणजे त्याची रेषा वाढवल्यावर ती तटावर टेकली, की एक गोळा चरातल्या सगळ्यांना लोळवतो. समांतर चर नसले तर किल्ल्यातून छापा आला की पुढच्या मूठभर खणणाऱ्यांच्या मदतीला कोणी नसतं. ही पद्धत त्याने 1673 मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला वापरली आणि चर सुरू झाल्यापासून तेरा दिवसांत शहर पडलं.

खणण्याचा हिशोब तर थेट मुकादमाचा आहे. पहिला माणूस गुडघ्यांवर बसून दीड फूट रुंद, दीड फूट खोल खणतो. त्याच्यापुढे विणलेली, गच्च भरलेली टोपली आडवी लोटत न्यायची, बाजूला बिनबुडाच्या टोपल्या मातीने भरत जायच्या. मागचे तिघे प्रत्येकी सहा इंच रुंदी आणि सहा इंच खोली वाढवतात, म्हणजे चौथ्यामागे तीन फुटी चर तयार. मजुरी लांबीवर, आणि तट जवळ येईल तसा दर चढता. मला वोबाँ इथे सर्वांत जवळचा वाटतो. दारू कमी भरून गोळा तटावरून टप्पे घेत जाईल अशी तोफ डागायची युक्तीही त्याचीच, आणि त्यामागचा विचार एकच: शिपायाचा जीव दारूगोळ्याहून महाग.

बर्गंडीतला बाझोश गावचा वाडा त्याने 1675 मध्ये विकत घेतला, मास्ट्रिख्टच्या बक्षिसातून. आगगाडी तिथवर जात नाही, गाडीच हवी. हिवाळ्यात वाडा बंद असतो. तिथल्या लांबलचक दालनात त्याचे अभियंते नकाशे काढत. खिडकीतून वेझले गावाचं टेकडीवरचं चर्च दिसतं. त्या परगण्यातल्या दारिद्र्याची त्याने गावागणिक नोंद केली होती. एका डुकरिणीच्या दहा पिढ्यांत साठ लाखांहून अधिक पिल्लं, असाही हिशोब त्याने मांडला, कारण गरिबाच्या घरी मांस कसं येईल हा प्रश्न त्याला पडला होता.

शेवटचं पुस्तक कराचं होतं: सरदार, पाद्री, शेतकरी, सगळ्यांनी उत्पन्नाचा विसावा ते दहावा हिस्सा द्यावा. 1703 मध्ये मार्शल, म्हणजे सैन्यातल्या सर्वोच्च मानाचा धनी, झालेल्या या माणसाने ते परवानगीशिवाय छापलं. 1707 च्या सुरुवातीला त्यावर बंदी आली आणि 30 मार्चला तो वारला. देह बाझोशच्या चर्चमध्ये आहे. हृदय नेपोलियनने 1808 मध्ये पॅरिसला अँव्हालीद या जुन्या सैनिकांच्या आश्रमवास्तूत नेलं.